शेजारी राहावयास आलेले देव

टोकियो महानगराच्या पश्चिमेकडील ताचिकावा या वस्तीत दोघे तरुण एक खोली भाड्याने घेऊन राहतात. एकाचे कान लांब, केस कुरळे, आणि कपाळाच्या मध्यभागी बारीकसा उंचवटा. दुसऱ्याचे केस खांद्यावर रुळणारे, चेहऱ्यावर दाढी, मस्तकी काट्यांचा मुकुट. पहिला मोठा काटकसरी. बाजारात कोणती जिन्नस कोठे स्वस्त मिळते यावर त्याचे बारीक लक्ष. दुसरा हाती पैसा आला की नवलाईची वस्तू पाहून भुलणारा. घरमालकीण बाई करड्या स्वभावाच्या. भाडे वेळेवर पोहोचले पाहिजे. गल्लीतील मुले पहिल्याच्या कपाळावरील उंचवट्याला बोट लावण्यासाठी टपून बसतात. दुसऱ्याकडे पाहून शाळकरी मुली एका प्रसिद्ध सिनेनटाचा भास झाल्याने कुजबुजतात. हे दोन बिऱ्हाडकरू म्हणजे भगवान गौतम बुद्ध आणि प्रभू येशू ख्रिस्त. जगाच्या उद्धाराच्या कामातून सवड काढून ते सुटीसाठी पृथ्वीवर आले आहेत आणि सामान्य माणसांप्रमाणे राहण्याचा प्रयत्न करीत आहेत.

ही कथा आहे ‘सेइंतो ओनीसान’ या जपानी चित्रकथेची. अशा चित्रकथांना तेथे मांगा म्हणतात. त्या मासिकांतून व साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध होतात आणि मागाहून ग्रंथरूप घेतात. नाकामुरा हिकारू या १९८४ साली जन्मलेल्या चित्रकर्तीने २००६ मध्ये ही मालिका आरंभिली. २००९ साली तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कारांपैकी लघुकृतीसाठी असलेला पुरस्कार लाभला, २०१३ साली तिच्यावर सचेतन चित्रपट निघाला, आणि २०१९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये मांगाचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात तिची पाने मांडली गेली. तिच्या खंडांच्या खपलेल्या प्रतींची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली आहे.

बाहेरच्या वाचकाच्या मनात येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो. दोन महान धर्मांच्या संस्थापकांना एका खोलीत बसवून त्यांच्या जमाखर्चावर विनोद करावयाचा, आणि तो विनोद लक्षावधी लोकांनी हसतमुखाने स्वीकारावयाचा, हे घडते कसे? जपानी लोक धर्माविषयी बेफिकीर आहेत, असे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. ज्याची फिकीर नसते त्याच्यावर कोणी इतक्या बारकाईने विनोद करीत नाही. खरे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाची एक बाजू जितकी हसरी, तितकीच दुसरी करुण आहे.

हसऱ्या बाजूचा आरंभ जपानच्या सर्वांत जुन्या ग्रंथापासून होतो. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’त सूर्यदेवता आमातेरासू हिची कथा आहे. भावाच्या उच्छादाला कंटाळून ती एका गुहेत जाऊन बसते आणि सारे विश्व अंधारात बुडते. तिला बाहेर आणावयाचे कसे? देवगण एकत्र जमतात. उझुमे नावाची देवी एका उपड्या ठेवलेल्या पिंपावर चढून असे काही थिल्लर नृत्य करते, की ऐंशी लक्ष देव खदखदा हसू लागतात. आपल्यावाचून जगात अंधार असताना हे हसतात तरी कशाला, या कुतूहलाने सूर्यदेवता दार किंचित किलकिले करते, आणि तेवढ्यात तिला हात धरून बाहेर ओढले जाते. स्तुतिस्तोत्राने किंवा तपाने नव्हे, तर हशाने सूर्य परत आला, असे ज्या समाजाच्या आद्य पुराणात सांगितलेले आहे, तो समाज देवासमोर हसण्याला पाप मानील हे संभवत नाही.

पुढे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातील पेकचे राज्यातून बौद्ध धर्म जपानात गेला, आणि त्याच्या पाठोपाठ चीनच्या वाटेने भारतातील कितीतरी देवदेवता तेथे जाऊन पोहोचल्या. ७५२ साली नारा येथील तोदाइजी मंदिरातील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते. ८०४ साली कूकाई हा भिक्षू चीनला गेला आणि दोन वर्षांनी मंत्रयानाची दीक्षा घेऊन परतला. क्योटोच्या तोजी मंदिरात त्याच्या परंपरेतील नवव्या शतकातील मूर्तिसमूह आजही उभा आहे. त्यात हंसांवर आरूढ झालेला ब्रह्मदेव आहे. तेथे त्याचे नाव बोन्तेन. हत्तीवर बसलेला इंद्र आहे. तो तेथे ताइशाकुतेन झाला. परदेशी गेलेल्या माणसाचे नाव तेथील लोक आपल्या जिभेला सोसेल असे करून घेतात, तसेच या देवांचेही झाले.

परंतु देव केवळ मंदिरात उभे राहिले असते तर ते पाहुणेच राहिले असते. ते घरचे झाले ते स्वयंपाकघराच्या वाटेने. सातव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की येथील विहारांत पाकशाळेच्या खांबापाशी महाकालाची मूर्ती असे, आणि तेल चोपडून चोपडून ती काळी पडलेली असे. हाच महाकाल जपानात ‘दाइकोकू’ झाला. दाइकोकू या शब्दाचा अर्थ ‘महान कृष्णवर्ण’ असाच आहे. परंतु तेथील ओकुनिनुशी या जुन्या देवाच्या नावातील अक्षरेही त्याच उच्चाराने वाचता येत असल्याने दोघांची गाठ पडली आणि दोघे मिळून एकच झाले. स्मशानात संचार करणारा, प्रलयाचे भय उत्पन्न करणारा महाकाल तेथे तांदळाच्या दोन पोत्यांवर उभा राहून हसू लागला. त्याच्या एका हाती इच्छित वस्तू पाडणारी मोगरी, खांद्यावर झोळी, आणि पायांशी उंदीर. उज्जयिनीचे ज्योतिर्लिंग ज्यांच्या नित्य परिचयाचे आहे, त्या माळव्यातील मराठी कुटुंबांना आपल्या महाकालाचे हे गुबगुबीत रूप पाहून विस्मयच वाटेल.

सरस्वतीचेही असेच झाले. ‘सुवर्णप्रभाससूत्रा’च्या आधाराने ती जपानात पोहोचली आणि बेन्झाइतेन या नावाने तिने वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य हाती घेतले. तथापि आपले मूळचे नदीरूप ती विसरली नाही. एनोशिमा, चिकुबूशिमा, इत्सुकूशिमा ही तिची प्रसिद्ध ठाणी सर्वच पाण्याने वेढलेली आहेत. गणपती तेथे शोतेन अथवा कांगितेन या नावाने गेला. त्याची मूर्ती बहुधा झाकून ठेवलेली असते. टोकियोच्या आसाकुसा भागातील मात्सुचियामा येथील त्याच्या स्थानी भक्त मुळे वाहतात. त्याच्या नैवेद्याचे ‘कांगिदान’ नावाचे पक्वान्न क्योटोत आजही मिळते. पिठाच्या पारीत गोड पुरण भरावयाचे, वर चुण्या घेऊन तोंड मिटावयाचे आणि तिळाच्या तेलात तळावयाचे, अशी त्याची कृती आहे. मोदक कोठून कोठे गेला याचा हा खाण्याजोगा पुरावा होय.

पंधराव्या शतकापासून पुढे यांपैकी काही देवांची एक मंडळीच जमली. तिला ‘शिचिफुकुजिन’, म्हणजे सात भाग्यदेवता, असे म्हणतात. दाइकोकू, बेन्झाइतेन आणि वैश्रवण म्हणजे कुबेर हे तिघे मूळचे भारतातले. होतेई हा ढेरपोट्या साधू आणि लांब डोक्याचा फुकुरोकुजू व जुरोजिन हे दोघे दीर्घायुष्य देणारे वृद्ध चीनमधले. आणि हातात गळ व काखेत मासा घेतलेला एबिसू तेवढा जपानी मातीतला. तीन देशांचे हे सात जण एकाच गलबतात बसून नववर्षाच्या सुमारास येतात. २ जानेवारीच्या रात्री त्या गलबताचे चित्र उशाखाली ठेवून निजले की वर्षाचे पहिले स्वप्न शुभ पडते, अशी समजूत आहे. यांतील एबिसू कानाने जरा मंद आहे म्हणतात. त्यामुळे ओसाकाच्या इमामिया एबिसू देवळात जानेवारीच्या उत्सवात लोक देवळाच्या मागील बाजूस जाऊन भिंत ठोठावतात. समोरून सांगितलेले गाऱ्हाणे देवाला ऐकू गेले नसेल तर निदान मागून जावे! चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात सारे देव इझुमो येथे सभेसाठी जातात तेव्हा हाच एबिसू मागे घर राखावयास थांबतो, अशीही श्रद्धा आहे. ऐकू न येणारा आजोबा घराची राखण करीत मागे राहिला आहे, असे हे चित्र. त्यात टिंगल नाही, घरोबा आहे.

देवांशी असलेला हा घरोबा रंगभूमीवरही उतरला. गंभीर नो नाटकांच्या मध्यंतरी क्योगेन नावाचे छोटे विनोदी प्रवेश करण्याची प्रथा मध्ययुगापासून आहे. त्यांतील एका प्रवेशात मेघगर्जनेचा देव पाय चुकून आकाशातून धाडदिशी खाली पडतो आणि त्याच्या कंबरेला इजा होते. वाटेने जाणारा एक अर्धवट वैद्य त्याला सुया टोचून उपचार करतो. सुईच्या भयाने देव ओरडू लागतो. आणि बरा झाल्यावर जवळ पैसे नसल्याने, आठशे वर्षे दुष्काळ व अतिवृष्टी होऊ देणार नाही, या वचनावर वैद्याची फी भागवितो. दुसऱ्या एका प्रवेशात यमराज एन्मा अगदी डबघाईस आला आहे. कारण लोक नामस्मरण करून थेट स्वर्गास जाऊ लागल्यामुळे नरकाकडे कोणी फिरकेनासेच झाले आहे. शेवटी वाटेत गाठलेला आसाहिना नावाचा योद्धा त्यालाच नमवितो आणि स्वर्गाची वाट दाखवावयास पुढे घालतो. हे प्रवेश पाहून शेतकरी हसला, परंतु पाऊस लांबला की त्याच देवापाशी हात जोडून उभा राहिला. या दोन गोष्टींत त्याला विसंगती दिसली नाही.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत, छापील चित्रांची व पुस्तकांची रेलचेल झाली आणि देव हाटात आले. क्योटोजवळच्या ओत्सू गावी वाटसरूंना स्वस्त चित्रे विकली जात. त्यांतील एक लोकप्रिय विषय असा, की फुकुरोकुजूचे डोके इतके उंच, की दाइकोकू त्याला शिडी लावून वर चढला आहे आणि वस्तऱ्याने हजामत करीत आहे. परंतु या काळातील सर्वांत धीट कल्पना १७८५ साली निघालेल्या एका छोट्या चित्रपुस्तकात आढळते. शिबा झेंको हा त्याचा लेखक आणि पुढे सांतो क्योदेन या नावाने कीर्ती पावलेला चित्रकार त्याचा चित्रकर्ता. दोनच वर्षांपूर्वी, १७८३ मध्ये, आसामा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. देशभर दुष्काळ पसरला होता. अशा टंचाईच्या दिवसांत करुणामूर्ती अवलोकितेश्वर, म्हणजे जपानची सहस्रहस्त कान्नोन, हिलाही हात आखडता घ्यावा लागतो. आणि ती काय करते, तर आपले हजार हात भाड्याने देते! लढाईत हात गमावलेला ताइराचा तादानोरी येऊन एक हात घेऊन जातो. शूराने ज्याचा हात तोडला होता तो इबाराकी नावाचा राक्षसही येतो. करुणा म्हणजे दुसऱ्याला हात देणे, हा धर्माचा अर्थ येथे अक्षरशः घेतला आहे. वाचक हसतो, आणि हसता हसता दुष्काळ कोणाला चुकला नाही हेही त्याला उमगते.

यानंतर सहाच वर्षांनी, १७९१ मध्ये, याच सांतो क्योदेनच्या हातांना पन्नास दिवस बेड्या पडल्या. त्याचा अपराध देवांची थट्टा हा नव्हता. प्रकाशनाविषयीचे सरकारी निर्बंध मोडून त्याने विलासवस्तीवर पुस्तके लिहिली, हा होता. ज्याने देवतेचे हात भाड्याने गेल्याचे चितारले, त्याचे स्वतःचे हात राज्यकर्त्यांनी बांधले. विनोदाचा राग देवांना येतो की सत्तेला, या प्रश्नाचे उत्तर या एका प्रसंगात पुरेसे मिळते.

येथून इतिहासाची दुसरी बाजू सुरू होते. ताचिकावातील खोलीत बुद्धांचा जो सोबती आहे, तो जपानात बुद्धांनंतर सुमारे हजार वर्षांनी आला, आणि तो आला गोव्याहून. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ मलाक्कामार्गे गोव्यास पोहोचला आणि १५४८ साली तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्यातून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमास उतरले. परमेश्वर या कल्पनेला जपानी शब्द कोणता वापरावा, हा पहिलाच पेच पडला. आंजिरोच्या सल्ल्यावरून झेवियर ‘दाइनिची’ हा शब्द वापरीत उपदेश करू लागले. पण दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध! तेव्हा यामागुची येथील मंत्रयानी भिक्षूंना हा आपलाच एखादा पंथ वाटला यात नवल नाही. शिवाय हे पाहुणे बुद्धांच्या देशातून, तेन्जिकूहून, आले होते. घोटाळा ध्यानी आल्यावर झेवियरांनी तो शब्द टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्द घेतला. तथापि १५५२ साली यामागुचीच्या सरदाराने या धर्मोपदेशकांना जागेची जी सनद दिली, तीत ते बुद्धाचा धर्म पसरविण्यासाठी पश्चिमेकडून आले आहेत, असेच म्हटलेले होते. ज्यांचे पार्थिव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेत आहे, त्या झेवियरांच्या हयातीतच येशू व बुद्ध यांची ही पहिली, काहीशी विनोदी, गाठ पडली होती.

पुढे विनोद उरला नाही. १६१४ मध्ये तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. थोड्याच वर्षांत नागासाकीकडे ‘फुमिए’ची रीत सुरू झाली. येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवावयाची आणि प्रत्येकाने तिच्यावर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावयाचे. ज्याचा पाय अडखळला तो पकडला गेला. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. म्हणजे कान्नोनचे हात भाड्याने जात असल्याचे चित्र पाहून एदो शहर हसत होते, त्याच वर्षी नागासाकीत माणसे आपल्या देवाच्या मुखावर पाय ठेवीत होती. ज्यांनी श्रद्धा सोडली नाही त्यांनी ती लपविली. बाळाला जवळ घेतलेली कान्नोनची मूर्ती घरात ठेवून ते तिच्या ठायी मरियेची प्रार्थना करीत. अशा मूर्तींना आता ‘मारिया कान्नोन’ म्हणतात. बौद्ध करुणामूर्तीच्या आश्रयास ख्रिस्तमाता आली आणि दोघी सुमारे अडीचशे वर्षे एकाच देहात राहिल्या. ताचिकावातील एका खोलीत दोघे राहतात याचे आज हसू येते. परंतु त्यापूर्वी एका मूर्तीत दोघी राहत होत्या, आणि तेथे हसण्याला जागा नव्हती, कारण भाडे प्राणाचे होते.

१८६५ साली नागासाकीत नव्यानेच बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली आणि मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूला हळूच विचारले, तेव्हा हे गुपित बाहेर पडले. परंतु बंदी उठली नव्हती. १८६८ मध्ये नवी मेइजी राजवट आली तरी उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना पकडून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. बंदीचे जाहीर फलक उतरले ते १८७३ मध्ये. त्याच राजवटीने १८६८ मध्येच देशी देव आणि बौद्ध देव यांची सक्तीने फारकत केली. शेकडो वर्षे एका अंगणात नांदलेल्या देवांची वाटणी झाली. अनेक मंदिरे मोडली, मूर्ती विकल्या वा जाळल्या गेल्या. कित्येक ठिकाणी बेन्झाइतेनचे नाव पुसून तिच्या जागी जपानी देवीचे नाव लावले गेले. देव सरकारी झाले. सम्राटाचे देवत्व शाळेत शिकविले जाऊ लागले आणि त्याविषयी हसणे हा राजद्रोह ठरला. तो हसू न देणारा देवधर्म देशाला कोणत्या युद्धात घेऊन गेला, हे सर्वांस ठाऊक आहे. १ जानेवारी १९४६ च्या घोषणेत सम्राटाने आपले देवत्व ही खोटी कल्पना असल्याचे सांगितले, आणि १९४७ मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेने प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य दिले.

नाकामुरा हिकारूंची चित्रकथा या स्वातंत्र्याच्या जमिनीवर उगवली आहे. तिच्या आधी तेझुका ओसामू यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही बृहत् चित्रकथा लिहून गौतमाचे चरित्र घरोघर पोहोचविले होते. नव्या कथेतील बुद्ध ते पुस्तक वाचतात आणि आपल्याच चरित्राने त्यांचे डोळे पाणावतात! या विनोदाची घडण पाहण्याजोगी आहे. बुद्धांच्या तोंडून एखादे सुवचन निघाले की त्यांच्या अंगातून प्रकाश फाकू लागतो आणि लोकांत ओशाळल्यासारखे होते. त्यांना भूक लागली की आसपासची जनावरे आपला देह अर्पण करावयास पुढे येतात. ज्याला जातकातील अग्नीत उडी घेणारा ससा ठाऊक आहे त्यालाच यातील गंमत कळेल. येशू आनंदात असले की सार्वजनिक स्नानगृहातील पाण्याची द्राक्षमदिरा होऊ लागते. तेथेच भेटलेला एक गुंड त्यांची हकिगत ऐकतो. पिता सर्वसमर्थ, स्वतः शिक्षा भोगली, तीन दिवसांनी परत आलो. तो समजतो, की हा कोणा मोठ्या टोळीप्रमुखाचा वारस असला पाहिजे. बोधिप्राप्तीनंतर मौन राहू पाहणाऱ्या बुद्धांना धर्मोपदेशाची विनंती ब्रह्मदेवाने केली, असे पाली ग्रंथ सांगतात. येथे बोन्तेन हा बुद्धांच्या मागे नव्यानव्या कामाचा लकडा लावणारा गृहस्थ आहे. विनोद कोठेही शिकवणुकीवर नाही. करुणा, क्षमा, अपरिग्रह यांची थट्टा या पानांत होत नाही. उलट त्या गुणांना महागाई, शेजार आणि घरभाडे यांच्याशी जुळवून घेताना जी तारांबळ उडते, तिचे हे चित्र आहे. कोणी पाहत नसतानाही हे दोघे चांगलेच वागतात, आणि हसे होते ते त्या चांगुलपणाला लपता येत नाही म्हणून.

हे रूप मराठी मनाला अगदीच परके वाटू नये. पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे रांजणात पाणी भरले, जनाबाईबरोबर विठ्ठल दळावयास बसला, या कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. तमाशातील गौळणीत पेंद्या आणि मावशी साक्षात कृष्णाची फिरकी घेतात. दक्षिण कोकणात व गोव्यात दशावताराच्या रात्री संकासुर प्रेक्षकांना हसवितो आणि त्याच रंगणात गणपतीची पूजाही होते. भेद आहे तो इतकाच, की आपला देव भक्ताच्या प्रेमाने बांधलेला, राबावयास आलेला. ताचिकावातील दोघे सुटीवर आलेले, कोणाचे काही काम करण्यास बांधलेले नाहीत. आपल्या कथेत देव ओळखला जातो तो क्षण रडविणारा असतो. त्यांच्या कथेत देव ओळखला जाऊ नये यासाठी चाललेली धडपड हसविणारी असते.

तरीही एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. जपानात ख्रिस्ती लोक शंभरात सुमारे एकच आहेत. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांच्या देवावर केलेला विनोद आणि घरच्यांनी घरच्या देवावर केलेला विनोद, या दोहोंना एकच मोजमाप लावता येणार नाही. ज्या भूमीत येशूंच्या प्रतिमेवर सक्तीने पाय ठेवविले गेले, तेथे त्यांचे चित्र काढणाऱ्या हाताला अधिक जपून चालणे प्राप्त होते. या चित्रकथेचे श्रेय हे, की तिने येशूंना पाहुण्याच्या पाटावर वेगळे बसविले नाही; बुद्धांना जी थट्टा, तीच त्यांना, आणि बुद्धांविषयी जी माया, तीच त्यांच्याविषयी. ‘फुमिए’तही येशूंची प्रतिमा होती आणि या चित्रकथेतही आहे, पहिलीत ती पाहणाऱ्याला भय वाटावे म्हणून मांडलेली होती, दुसरीत ती पाहणाऱ्याला सोबत वाटावी म्हणून काढलेली आहे. देवांवरील विनोद भला की बुरा, याचा निवाडा करावयाचा झाल्यास तो किती धीट आहे हे पाहून चालणार नाही. तो वाचून झाल्यावर त्या देवाला मानणाऱ्या शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येतो की नाही, हे पाहावे लागेल.

महाकालाला तांदळाच्या पोत्यावर उभे करून हसविण्यास जपानला काही शतके लागली. येशूंना त्या घरात भाडेकरू म्हणून मोकळेपणी जागा मिळावयास, झेवियर कागोशिमास उतरल्यापासून मोजले तर, साडेचारशेहून अधिक वर्षे गेली. त्या खोलीचे भाडे दरमहा वेळेवर भरताना बुद्धांची जी ओढाताण होते तिला वाचक हसतात. आणि महिनाअखेर कशी काढावी याची चिंता त्यांच्याही घरी असल्यामुळे, ते दोघे त्यांना अधिकच जवळचे वाटतात.